हिंट : नेहमीचाच

लॅपटॉप आला तेव्हा तो लेकीचा होता. 2010 साली तिला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि विंडोज 7 असलेलं ते काळं, वजनदार यंत्र साताऱ्याच्या घरात पाटावर बसलं. त्याची रीतसर पूजा झाली. लेक ‘कीबोर्डवर नको, नको’ म्हणेपर्यंत दोनचार अक्षता बटणांच्या फटीत गेल्यासुद्धा. पुढची चार वर्षं त्यावर सबमिशनं झाली, प्रोजेक्ट झाला आणि पेनड्राइव्हवरून आलेले असंख्य सिनेमे झाले. नोकरी लागली, कंपनीने नवा लॅपटॉप दिला. जुना आईकडे गेला.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. महाराष्ट्रात सरकारी नोकरदारांच्या एका अख्ख्या पिढीच्या हाती माउस आला तो एमएस-सीआयटीमुळे. परीक्षा पास होणं सक्तीचं, म्हणून माणसं क्लासला बसली. बहुतेकांनी प्रमाणपत्र मिळताच संगणकाला नमस्कार केला. या बाई मात्र रमल्या. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की फोटो लॅपटॉपवर उतरवायचे, फोल्डरला नाव द्यायचं: वास्तुशांत, डोहाळजेवण, जेजुरी, सातबारा. हो, सातबारासुद्धा. उताऱ्यांचे, गॅसच्या पुस्तकाचे, लाइटबिलांचे फोटोही त्या त्याच मायेने ठेवत. आणि क्लासच्या सरांनी बजावलं होतं म्हणून पासवर्डही टाकलेला.

मग घरात स्मार्टफोन आले. लॅपटॉपची बॅटरी गेली. 14 जानेवारी 2020 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 7 ला अपडेट देणं थांबवलं, पण त्याआधीच तो जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर चढला होता. खाली उतरला तो नातीच्या शाळेने ‘फॅमिली ट्री’ करून आणायला सांगितलं तेव्हा. आजोबा 2016 मध्ये गेलेले, आणि त्यांचे धड दिसणारे फोटो होते ते तेवढ्या त्या डिस्कवर.

चार्जर सापडला, पंखा घरघरला, पडद्यावर नाव आलं. पासवर्ड चुकला की विंडोज 7 खाली हिंट दाखवते. आईने स्वतःच लिहून ठेवलेली हिंट अशी: नेहमीचाच.

‘अगं आई, नेहमीचा म्हणजे कोणता?’

‘नेहमी टाकायचे तो गं.’

देवांची नावं झाली, जन्मतारखा झाल्या, शाळेचं नाव झालं. जवळच्या दुकानदाराने बघून न बघितल्यासारखं करत निकाल दिला, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ आपल्याकडे संगणकाच्या प्रत्येक दुखण्यावरचं हे औषध. लॅपटॉप चालू होतो खरा, फक्त ज्यासाठी तो चालू करायचा ते पुसलं जातं.

खरं तर या कुलपाचा दरारा त्याच्या ताकदीपेक्षा फार मोठा. संगणकाला पासवर्ड आला तो 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये. फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एकच यंत्र अनेकांना वापरता यावं अशी प्रणाली केली होती आणि ज्याच्या फायली त्याच्यापाशी राहाव्यात, एवढ्यासाठी पासवर्ड होता. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाने 1962 मध्ये वापराचा वेळ वाढवून मिळावा म्हणून पासवर्डांची अख्खी फाइलच छापून घेतली. विंडोज 7 चा साधा पासवर्डही त्याच कुळातला. तो दारावर उभा असतो. आतलं सामान तो कुलूपबंद करत नाही. डिस्क मुद्दाम एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की दारवानाला विचारावंच लागत नाही.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतल्या एका माणसाने नेमकं तेच केलं. आधी विचारलं, ‘कुणाचा आहे?’ आईने पतसंस्थेच्या कागदांबरोबर जपलेलं बिल दाखवलं. त्याने लॅपटॉप पालथा घातला, झाकणाचे स्क्रू काढले आणि अडीच इंची डिस्क बाजूला सरकवून बाहेर घेतली. ती जोडून आधी कानाजवळ नेली. टकटक आवाज येत असेल तर डिस्क तिथल्या तिथे बंद करायची, नाहीतर उरलंसुरलंही जातं. ही गप्प फिरत होती. आईच्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केल्यावर परवानगी नसल्याची पाटी आली आणि तिच्याखाली ‘कंटिन्यू’चं बटण. त्याने ते दाबलं. इतक्या दिवसांची झटापट त्या एका बटणावर मिटली, याचा आईला आनंदापेक्षा अपमानच जास्त वाटला असावा. ‘मग पासवर्ड कशाला टाकायला लावतात?’ त्या म्हणाल्या.

प्रश्न रास्त होता. चोराला हा लॅपटॉप तितक्याच सहज उघडता आला असता. लेकीच्या आत्ताच्या लॅपटॉपवर मात्र ही युक्ती चालणार नाही. विंडोज 11 असलेल्या अनेक नव्या यंत्रांत मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. काढून कुठेही जोडा, 48 आकडी रिकव्हरी की नसेल तर हाती नुसता कचरा. चोरासाठी उत्तम. पण घरची माणसंही त्या कुलपाला चोरच. लेकीने घरी आल्यावर ते 48 आकडे आईच्या भिशीच्या वहीत उतरवले. वर आईने मथळा घातला: लॅपटॉप, नवा.

फोटो सगळे मिळाले, पण ओळख पटवायचं काम उरलंच. वास्तुशांतीच्या एका फोटोत आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून फेटेवाला एक माणूस हसतोय. फोटोची तारीख पाहावी तर 1 जानेवारी 2008. घर तेव्हा बांधलंही नव्हतं, कॅमेऱ्याची तारीखच कुणी कधी लावली नव्हती. आत्या म्हणते, तो गवंडी. आई म्हणते, छे, आचारी. नातीने तोवर त्याला कापून झाडाच्या फांदीवर चिकटवून टाकलं आणि प्रोजेक्ट शाळेत जमाही झाला.