आमेननंतर

दुसऱ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करणे ही गोष्ट शिकावी लागते. अहिल्यानगरकडच्या (पूर्वीच्या अहमदनगरकडच्या) आमच्या मंडळीत बायका आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात. एखादे भजन, शास्त्रपाठ, मग प्रत्येकीच्या विनंत्या, मग प्रार्थना आणि शेवटी चहा. माझे सगळे शिक्षण या बैठकांत झाले आणि आता नव्या मुलींना मी हे काम तिथेच शिकवते.

सगळ्यांत आधी सांगते, की प्रार्थनेत उपदेश करायचा नाही. समोरची डोळे मिटून बसलेली असताना देवाच्या आडून तिला चार शब्द सुनावणे फार सोपे असते. ‘प्रभू, या बहिणीला सासूशी नीट वागायची बुद्धी दे’ असे म्हटले, की ते बोलणे देवाशी राहत नाही. आजाराचे नाव घरच्यांना विचारल्याशिवाय उच्चारायचे नाही आणि विनंती म्हणून कानावर आलेली गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. दवाखान्यात आवाज खाली ठेवायचा. तू बरी होशीलच असा शब्द आपण द्यायचा नाही, तो आपल्या हातातला नाही. गोळ्या वेळेवर घे, हे मात्र आवर्जून सांगायचे. पलीकडच्या खाटेवरची कुंकू लावलेली मावशी ‘माझ्यासाठीही करा की’ म्हणाली, तर तिचे नाव विचारून घ्यायचे आणि तितक्याच मनापासून तिच्यासाठीही मागायचे. नाव घ्यायलाच हवे. ‘सर्व आजाऱ्यांना बरे कर’ म्हणताना कुणाचाच चेहरा डोळ्यांसमोर येत नाही.

नव्या जीवनाविषयी आमच्यात पुष्कळ बोलले जाते. कुणी सभेत हात वर केला, कुणी रडत रडत साक्ष दिली, त्या दिवसाची आठवण ते माणूस जन्मभर जपते, आणि तसे जपावेही. पण मला पौलाचे इफिसकरांस लिहिलेले पत्र अधिक जवळचे वाटते. जुना मनुष्य काढून टाका, नवा धारण करा, असे तो चौथ्या अध्यायात सांगतो आणि लगेच अगदी घरगुती गोष्टींवर उतरतो: खोटे बोलू नका, राग मनात घेऊन सूर्य मावळू देऊ नका, चोरी करणाऱ्याने आता हातांनी कष्ट करावेत म्हणजे गरजवंताला द्यायला त्याच्याजवळ काही असेल. हे उतरणे मला फार आवडते. एवढ्या मोठ्या बदलाची खूण त्याने कष्टाच्या हातांत आणि दिलेल्या घासात शोधली.

पंडिता रमाबाईंकडे मी पुन्हा पुन्हा जाते ती याच कारणाने. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर काही वर्षांनी त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त अजून सापडायचा आहे. हे त्यांनी स्वतःच्या साक्षीत उघडपणे लिहून ठेवले. एवढी विद्वान बाई, जगभर नाव झालेली, आणि आपली तहान लपवत नाही! पुढे १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर त्यांची ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली ती या मुलींसाठी. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेतून मोठे आत्मिक जागरण झाले. त्या जागरणाविषयी लोक भरभरून बोलतात. माझे लक्ष मात्र त्याच आवारातल्या विणकामाकडे, छापखान्याकडे आणि एवढ्या ताटांसाठी रोज पेटणाऱ्या चुलींकडे जाते. गुडघे टेकणाऱ्या मुलींच्या हातांना तिथे कामही शिकवले जात होते. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी ते काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. लेक गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत त्या कोणत्या शब्दांत प्रार्थना करत असतील, हे मला जाणून घ्यावेसे वाटते.

कारण शोकाच्या घरात शब्द सुचत नाहीत. अशा वेळी मी स्तोत्रसंहिता उघडते. तेरावे स्तोत्र देवाला थेट विचारते, की किती काळ? अठ्ठ्याऐंशीवे तर शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहते, त्यात कुठेही उजाडत नाही. तरुण मुलगा गेलेल्या आईपुढे मी हे वाचते. देवावर रागावलेल्या माणसालाही देवाच्या पुस्तकात जागा आहे, हे तिला कळले पाहिजे. तिथे घाईने आशेचे वचन काढू नये. वाचून झाल्यावर गप्प बसायचे आणि तिने हात धरू दिला तर धरायचा. ‘आमेन’ तिने म्हटले नाही, तर आपण तिच्या वतीने म्हणायचे. विश्वास कधी कधी असा उसना वापरावा लागतो, आणि मंडळी असते ती यासाठीच, असे मला ठामपणे वाटते.

सगळ्यांत कठीण म्हणजे ज्याच्याशी वितुष्ट आहे त्याच्यासाठी मागणे. बांधावरून भांडण झालेला दीर किंवा बोलणे टाकलेली जाऊ. ‘त्यांना सुबुद्धी दे’ ही पळवाट मी मुलींना घेऊ देत नाही. जावेच्या मुलाची दहावी आहे ना? मग तो पास व्हावा म्हणून माग. तिचे गुडघे दुखतात ना? ते थांबावेत म्हणून माग. तिचे भले असे नेमके मागायला लागले, की काही आठवड्यांनी निकालाच्या दिवशी पाय आपोआप तिच्या दाराकडे वळतात. दार उघडतेच असे नाही. आमच्यातल्या एकीची जाऊ अजूनही तोंड फिरवते आणि तिचे मागणे अजून चालू आहे.

माझ्याजवळ विनंत्यांची वही आहे. डावीकडे नाव आणि मागणे, उजवीकडे आम्ही काय केले ते. याकोबाच्या पत्रात उघड्या, उपाशी भावाला नुसते ‘सुखाने जा’ म्हणून पाठवणाऱ्यांना फटकारले आहे. ते वाचल्यापासून उजवी बाजू कोरी राहिली, की मला चैन पडत नाही. कुणाला तांदूळ पोचले, कुणाच्या पोरांना शाळेतून आणले, कुणाच्या म्हातारीपाशी रात्र काढली. वहीत अशीही नावे आहेत ज्यांच्यासाठी महिनोन्‌महिने मागितले आणि ती माणसे गेली. त्यांपैकी एकाची बायको अजून बैठकीला येते. मागच्या वेळी तिची विनंती होती, की निराधार योजनेचा अर्ज मंजूर व्हावा. प्रार्थना झाली. चहा घेताना कागद तपासले, तर उत्पन्नाचा दाखला अजून काढायचा होता. सोमवारी तहसील कचेरीत तिच्याबरोबर कोण जाणार हे तिथेच ठरले. त्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्याने प्रार्थना केलेल्या मुलीने आपले नाव दिले, आणि मी ते उजवीकडे लिहून घेतले.