डाग लपवू नका

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी आमच्या त्वचारोग-सेवेविषयी चार शब्द लिहावेत, असा संस्थेचा आग्रह झाला. येथे ‘आम्ही’ म्हणताना एका त्वचारोगतज्ज्ञाबरोबर परिचारिका, आरोग्यसेवक, गाडीचे चालक आणि वसतिगृहांचे गृहपाल हे सारेच अभिप्रेत आहेत. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात एकट्या डॉक्टरकडून काहीच साध्य झाले नसते.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून महिन्यातून दोन दिवस इकडे येऊ लागलो. एकाच भागात दोन निराळे प्रदेश आहेत, हे आम्हांला रुग्णांच्या त्वचेनेच शिकविले. नारायणगाव-मंचरच्या बागायती पट्ट्यात चेहरा व मान काळवंडून जाड झालेले शेतकरी येत. त्यांच्या खाजेचे मूळ बहुधा बांधावरील गाजरगवतात असे. पश्चिमेस आपटाळे, डिंभे, आहुपे या बाजूच्या भातखाचरांच्या मुलखात, महादेव कोळी, ठाकर व कातकरी वस्त्यांत, खरूज आणि गजकर्ण अधिक. वसतिगृहांत तर खरूज हा जणू हजेरीपटावरील एक विद्यार्थीच होता.

आमची पहिली चूक या खरजेतच झाली. एका वसतिगृहात बोटांच्या बेचक्यांत पुरळ असलेली अकरा मुले पुढे आली. आम्ही त्या अकरांना मलम देऊन समाधानाने परतलो. महिन्याभराने तीस मुले खाजवीत होती. खरजेची कीड प्रथमच अंगात शिरली, तर खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागतात, हे पुस्तकात आम्ही वाचलेले होते. पण एका गोधडीत तिघे झोपतात, हे पाहिलेले नव्हते. पुढच्या वेळी आम्ही मुक्कामच केला. एकाच संध्याकाळी सर्व मुले, गृहपाल, स्वयंपाकीणबाई अशा सर्वांनी मानेपासून तळपायांपर्यंत मलम लावले, सकाळी स्नान केले, कपडे गरम पाण्यातून काढले, अंथरुणे उन्हात घातली. आठवड्याने तेच पुन्हा केले. खरूज हटली. एकाच्या अंगावरचा रोग सर्वांचा समजावा लागतो, हा आमचा पहिला धडा.

दुसरा धडा अधिक महाग पडला, आणि त्याची किंमत आम्ही मोजली नाही. आपल्याच विद्यालयातील आठवीच्या एका मुलाच्या कोपराखाली फिकट चट्टा होता. शिबिरात शंभरावर मुले रांगेत उभी, दिवस मावळत आलेला. मुलांच्या अंगावर उठणारा साधा पांढुरका डाग समजून आम्ही मलम दिले. खाज नाही, दुखत नाही, म्हणून तो मुलगाही पुन्हा काही बोलला नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर तो आला, तेव्हा त्याच्या करंगळीवर भाजल्याचा फोड होता. तव्याला हात लागला, पण कळले नाही, असे तो म्हणाला. करंगळी आत वळू लागली होती. आम्ही त्याला डोळे मिटावयास सांगून चट्ट्यावर कापसाची वात टेकविली. तो स्तब्ध उभा राहिला. कोपरामागची शीर हाताला जाड लागली. तो कुष्ठरोग होता. एक वर्षापूर्वी हीच परीक्षा करण्यास अर्धे मिनिट पुरले असते.

पूर्वी अशा रुग्णास गावाबाहेर धाडीत. मुंबईत १८९० साली त्यांच्यासाठी निराळे आश्रयस्थान उभारले गेले. वर्धा येथे १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने ही दिशा उलटविली. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार घेऊन कार्यकर्ते घरोघरी जाऊ लागले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात, आणि उपचार सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्याने ओसरतो. त्यामुळे त्या मुलाला घरी पाठविण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही काही पालकांनी तशी मागणी केली. तेव्हा आपल्या मुख्याध्यापकांनी पालकांची सभा बोलावली आणि त्यानंतर त्याच पंक्तीत, त्या मुलाशेजारी, पान मांडून ते जेवावयास बसले. कोणी काही बोलले नाही. मुलाने औषधाचे बाराही महिने याच वसतिगृहात पूर्ण केले. त्याची करंगळी मात्र आजही पूर्ण सरळ होत नाही. तो भेटतो तेव्हा आमचे लक्ष प्रथम तिच्याकडेच जाते.

विनयपिटकातील महावग्गात भिक्खू बेलट्ठसीस यांची हकिगत आहे. त्वचारोगाने त्यांची चीवरे अंगाला चिकटत आणि सोबतचे भिक्खू ती पाण्याने भिजवून सोडवीत. भगवान बुद्धांनी हे पाहिले आणि ‘या भिक्खूला काय होते आहे?’ अशी आधी विचारणा केली. औषधी चूर्णाची अनुज्ञा त्यानंतरची. लेण्याद्रीच्या पायथ्यावरून जाताना ही हकिगत आम्हांला नेहमी आठवते. विचारणे आणि हात लावून पाहणे, या दोन गोष्टी आम्ही त्या मुलाच्या बाबतीत चुकविल्या होत्या. त्यानंतर कितीही गर्दी असो, प्रत्येक फिकट चट्ट्यावर कापूस टेकविल्याखेरीज आम्ही मुलाला पुढे जाऊ देत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला एकच विनंती. अंगावरचा जो डाग खाजत नाही, दुखत नाही, तोही दाखवा. शेजारच्या खाटेवरील मित्र रात्री खाजवीत असेल, तर त्याला हसू नका, गृहपालांना सांगा. आणि शिक्षकबंधु-भगिनींनो, शिबिराच्या दिवशी दमलेला डॉक्टर रांग लवकर उरकू लागला, तर त्याला निःसंकोच थांबवा. आम्हांला त्या दिवशी तसे थांबविणारे कोणी हवे होते.