पऱ्हाटीची मोळी

दिवाळीच्या वाती वळताना कापसाचे कौतुक घरोघर होते. पण ज्या झाडाने तो दिला त्याचे पुढे काय झाले, हे कुणी विचारीत नाही. शहरातल्या माणसाला पऱ्हाटी ठाऊक असण्याचे तसे कारणही नाही. वेचणी संपल्यावर शेतात ज्या वाळक्या, तपकिरी काड्या उभ्या राहतात, त्या पऱ्हाट्या. माझे आजोळ कारंजा तालुक्यात. पूर्वी ते अकोला जिल्ह्यात होते, १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात गेले. आता तिकडे सोयाबीनचे राज्य आहे. तरी कापूस अगदीच हटलेला नाही, आणि धुऱ्यावर पऱ्हाट्यांचे ढीग पेटवण्याची रीतही. उरल्यासुरल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, तेव्हा शेतकऱ्याच्या काडीपेटीला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

गंमत अशी, की जे वातीत आहे तेच पऱ्हाटीतही आहे. १८३८ साली पायाँ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वनस्पतींतून एक पदार्थ वेगळा काढला. त्याचेच नाव पुढे सेल्युलोज पडले. कापसात तो जवळजवळ निर्भेळ असतो. पऱ्हाटीत मात्र लिग्निन नावाचा चिवट सोबती त्याला घट्ट धरून बसलेला असतो. या दोघांची फारकत करणे हाच सारा उद्योग! मलेशियात तेलताडाची फळे काढून घेतल्यावर उरणाऱ्या रिकाम्या घोसांवर हेच प्रयोग चालतात.

आपल्याकडे त्यासाठी समुद्रापार जायला नको. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसाची एक संशोधनशाळा आहे. आज तिला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणतात. पऱ्हाट्यांचा चुरा करून, त्यात राळ मिसळून, उष्णतेने व दाबाने त्याच्या फळ्या बनवण्याची रीत तिने बसवली. २०१५ साली तिथे नॅनो-सेल्युलोजचा छोटा प्रायोगिक कारखानाही उभा राहिला. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग! इतके बारीक तंतू कागदात मिसळले, तर कागद बळकट होतो.

मग धुऱ्यावर अजून धूर का? माझ्या मते घोडे पेंड खाते ते वाहतुकीत. एकरी टनभर काडी निघते खरी, पण ती अशी आडमाप, की ट्रॅक्टरची ट्रॉली शिगोशीग भरते आणि वजन काही भरत नाही. भाड्यातच नफा संपतो. चुरा करणारे यंत्र बांधावर गेले, तरच हिशेब जुळेल.

हे सारे मी मोठ्या मामीला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "रुई इकली, सरकी इकली, आता पऱ्हाटीबी इकता? मंग चुलीत काय हात घालू?"

घरात गॅस आहे, असे मी म्हणालो. "हाये ना. चहापुरता. अन् त्या मजूरणीईचं काय?"

हा प्रश्न कोणत्याही ताळेबंदात नसतो. ज्यांना स्वतःचे शेत नाही, त्या बाया दरसाल मामीच्या शेतातली पऱ्हाटी उपटून देतात आणि मजुरीऐवजी मोळ्या घेऊन जातात. पावसाळ्याचे जळण त्यांनी भिंतीला लावून रचलेले असते. कारखान्याच्या लेखी जो कचरा, तो त्यांचा पगार आहे.

मामी मात्र व्यवहाराला पक्की. मी निघालो तेव्हा तिने हळूच विचारले, "टनाले भाव काय देतीन म्हनतं? अन् उपटायची मजुरी कोनाकडं?"