पांढऱ्याची साक्ष

सुरतेच्या रिंग रोडवरच्या मार्केटांतली साडी आता बऱ्याचदा आधी फोटोत विकली जाते. ‘रंग वेगळा निघाला’ म्हणून ती परत आली, तर दोष डाइंग मिलचाच असतो असं नाही. बाहेर उन्हात काढलेल्या फोटोत तो ऑटो व्हाइट बॅलन्सचाही असू शकतो. ऑटोचा मूळ हिशेब असा, की चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी यावी. चौकटभर राणी रंग पसरला, की कॅमेरा साडीचा रंग प्रकाशाच्या माथी मारतो आणि हिरवट छटा मिसळून ती फिकी करतो. मॉडेल वळली, मागे तापीचं पाणी आलं, की हिशेब पुन्हा बदलतो. नवे कॅमेरे बरेच शहाणे झालेत, पण साडी कोणत्या रंगाची हे त्यांनाही कोणी सांगितलेलं नसतं.

यावर जुना उपाय म्हणजे पांढऱ्या वस्तूवरून माप घेणं. कापडाच्या शहरात हाताशी येतं ते पांढरं कापडच, आणि मेख तिथेच आहे. बाजारातल्या बहुतेक शुभ्र कापडाला आणि कागदाला ऑप्टिकल ब्राइटनर लावलेला असतो. तो उन्हातले अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतो. कॅमेऱ्याला वाटतं प्रकाशच निळा, आणि तो सगळ्या चित्रात पिवळेपणा ओततो. म्हणून माप घेण्यासाठीचं, कळकट दिसणारं करडं ग्रे कार्डच बरं. ते साडीच्या जागी, साडीवर पडतो त्याच प्रकाशात धरायचं. प्रकाशाचं रंगतापमान आकड्यात निवडायचं तर दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विन, मोकळ्या आकाशाखालची सावली ७००० ते ८०००. पण गल्लीवरच्या निळ्या ताडपत्रीतून गाळून आलेल्या उजेडाचं प्रीसेट कुठल्याच मेनूत नसतं.

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढला की नंतर सगळं सुधारता येतं, हा आक्षेप अर्धाच खरा. रॉ बदलाची मुभा देतं. कुठवर बदलायचं ते कार्डाची एक चौकटच सांगते. गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा पडदा तरी कुठे खरा असतो, असंही विचारतात. तो खोटा असला तरी सगळ्या साड्यांना सारखाच खोटा असतो. आपल्याच चार फोटोंत चार रंग असतील तर त्यांचा मेळ कुठलाच पडदा घालणार नाही. डुमसच्या समुद्रकिनारी संध्याकाळी माणसाचा फोटो काढताना मात्र कार्ड पिशवीतच राहू द्यावं, नाहीतर तांबूस उजेडच पुसला जाईल. तिथे ५५०० वर थांबावं. आणि अर्धा पदर उन्हात, अर्धा सावलीत असेल तर दोन प्रकाशांना एक आकडा पुरत नाही. तेव्हा मॉडेललाच दोन पावलं सावलीत घ्यावं.