बेताच्या खर्चात बिडदीची सहल

बंगळूरहून म्हैसूरच्या रस्त्याने निघालात की सुमारे 28 किलोमीटरवर बिडदी लागते. तेथील ‘वंडरला’ हे क्रीडोद्यान 2005 साली उघडले. मुलांनी त्याचा हट्ट धरला असेल, तर प्रथम घरच्या भिंतीशी त्यांची उंची मोजून पाहावी. कारण मुलांचे तिकीट येथे वयावर नव्हे, उंचीवर ठरते. शनिवार-रविवारी दर चढे असतात, म्हणून आडवार साधावा. झोक्या-पाळण्यात न बसणाऱ्या आजीलाही तिकीट घ्यावेच लागते. तरी तिला मागे ठेवू नये, असे आम्हांस वाटते. खर्च कापायचाच तर मुक्कामाचा कापावा. बंगळूरहून सकाळी निघून रात्री परतता येते.

सुती कपड्यांनी पाण्याच्या खेळांत उतरू देत नाहीत. तेव्हा नायलॉनचे कपडे घरूनच न्यावेत. आत विकत घेणे म्हणजे निष्कारण भुर्दंड. घरची शिदोरीही आत चालत नाही. (डबा उघडण्याचे सुख हुकते, हे खरे!) परंतु बिडदीची ‘तट्टे इडली’ प्रसिद्ध आहे. कानडीत तट्टे म्हणजे ताटली, आणि इडलीही तशीच पसरट. ती चटणीबरोबर पोटभर खावी, मगच दाराशी जावे. बिडदीला रेल्वे स्थानक आहे, पण सर्वच गाड्या तेथे थांबत नाहीत. परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी.