राजाचे नाव, मजुरांचे हात

इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेलगत कुरणांतून, टेकड्यांवरून मातीचा एक जुना बांध गेलेला आहे. त्याचे नाव ऑफाचा बांध. ऑफा हा मर्शिया राज्याचा राजा. त्याने इ.स. ७५७ ते ७९६ या काळात राज्य केले. पुढे ८९३ च्या सुमारास ॲसर नावाच्या वेल्श धर्मगुरूने लिहून ठेवले की, ऑफाने समुद्रापासून समुद्रापर्यंत बांध घातला. आज त्यातला सुमारे १३० किलोमीटर भाग दिसतो.

रचना साधी आहे. वेल्सच्या बाजूने खोल चर खोदायचा आणि निघालेली माती पूर्वेकडे रचायची. काही ठिकाणी बांध अजून अडीच मीटर उंच आहे. चर धरून रुंदी वीस मीटरपर्यंत भरते. हे सारे माणसांच्या हातांनी झाले. ज्याने कुदळ-घमेले घेऊन मातीकाम केले आहे, त्याला त्यातले कष्ट सांगायला नकोत. राजाचे नाव इतिहासात राहिले. खोदणाऱ्या एकाचेही नाव राहिले नाही.

त्यांची हकिकत उरली आहे ती मातीच्या थरांतच. चर्क गावाजवळ उत्खनन झाले, तेव्हा बांधातल्या मातीचा काळ इ.स. ४३० ते ६५२ च्या दरम्यानचा निघाला. हा निष्कर्ष २०१४ साली जाहीर झाला. म्हणजे काही काम ऑफाच्या आधीच झाले असावे. एका राजाच्या नावावर जमा झालेले काम कदाचित कित्येक पिढ्यांचे असेल!

हा बांध पाहायचा तर नाइटन गावी जावे. वेल्श भाषेत या गावाच्या नावाचा अर्थच 'बांधावरचे गाव' असा आहे. गंमत अशी की गाव वेल्समध्ये आणि त्याचे रेल्वे स्टेशन इंग्लंडमध्ये! १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट यांनी १९७१ साली येथेच २८५ किलोमीटरच्या पायवाटेचे उद्घाटन केले. ही वाट बऱ्याच ठिकाणी बांधाच्या सोबतीने जाते.

पण शेजाऱ्याने बांध कोरावा, तसा हा बांधही झिजतो आहे. नांगर, सशांची बिळे, पर्यटकांचे पाय, सारेच त्याला लागते. २०१३ साली तर चर्कजवळ सुमारे ४५ मीटर लांबीचा तुकडा यंत्राने सपाट केला गेला. संरक्षित स्मारकाची आरोपीला माहिती होती, हे सिद्ध करता येईना. म्हणून खटलाच उभा राहिला नाही. १९७९ च्या कायद्यातली ती पळवाट वेल्सने २०१६ च्या कायद्याने आवळली. आता नुसते 'मला ठाऊक नव्हते' म्हणून भागत नाही. माहिती काढण्यासाठी शक्य ते सर्व केले होते, हे दाखवावे लागते.

वाचकहो, दगडी राजवाड्याला पहारा सहज मिळतो. मातीच्या ढिगाला मिळत नाही. पण कष्टकऱ्यांचा इतिहास पुष्कळदा मातीतच असतो. तो एकदा उकरून टाकला की पुन्हा वाचता येत नाही.