नाकाची शस्त्रक्रिया: ओपन की क्लोज्ड?

मी फिजिशियन आहे, नाकाची शस्त्रक्रिया मी करत नाही. पण भूल देण्याआधी फिटनेस लागतो, म्हणून हे रुग्ण माझ्याकडे येतात. बीपी, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट पाहून झाले की उठता उठता विचारतात, "डॉक्टर, ओपन बरी की क्लोज्ड?"

आधी एक गैरसमज काढून टाका. पित्ताशय, हर्निया यांच्या शस्त्रक्रियांमुळे आपल्या डोक्यात बसलं आहे की ओपन म्हणजे जुनं आणि मोठी चीर. नाकाच्या बाबतीत तसं नाही. अमेरिकेत डॉ. जॉन रो यांनी 1887 साली नाकाच्या आतून चीर देऊन आकार सुधारल्याचं लिहिलं आहे. म्हणजे क्लोज्ड पद्धत जुनीच, ओपन तिच्यानंतर रुळली.

फरक एवढाच. क्लोज्डमध्ये सगळ्या चिरा नाकपुड्यांच्या आत असतात. ओपनमध्ये त्यांच्या जोडीला दोन नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर काही मिलिमीटरची एक चीर असते. त्यामुळे त्वचा वर उचलून आतलं हाड आणि कूर्चा, म्हणजे कानात असतं तसं लवचीक हाड, सर्जनला थेट दिसतं.

नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा कमी करायचा असेल, तर बऱ्याचदा क्लोज्ड पुरते. बाहेर व्रण नाही आणि सूजही लवकर उतरते. शेंडा बराच बदलायचा असेल, नाक खूप वाकडं असेल, जन्मतः ओठ दुभंगलेला असेल किंवा आधीची शस्त्रक्रिया बिघडली असेल, तर अनेक सर्जन ओपन निवडतात. शेंड्याची सूज मात्र जास्त दिवस राहते.

एका मुलीचे वडील दोन सर्जनचे कागद घेऊन आले होते. एकाने ओपन सांगितलं होतं, दुसऱ्याने क्लोज्ड. "चेहऱ्यावर व्रण नको डॉक्टर, लग्नाची मुलगी आहे," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी मुलीला विचारलं, "तुला काय त्रास होतो गं?" ती म्हणाली, "गाडीवरून पडल्यापासून डाव्या बाजूने श्वासच येत नाही. रात्री तोंड उघडं ठेवून झोपते." वडील तिच्याकडे बघतच राहिले. व्रणाची चर्चा महिनाभर चालली होती, श्वासाची एकदाही झाली नव्हती.

मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. पद्धत शेवटी ठरते. आधी ठरवायचं की नाकात नक्की काय सुधारायचं आहे. आपण ज्याला "नाकाचं हाड वाढलंय" म्हणतो, तो बहुतेक वेळा आतला वाकडा पडदा असतो. तो तसाच ठेवून वरून नाक सुरेख केलं, तर आरसा खूश होईल, झोप नाही.

सर्जनला हे जरूर विचारा: माझ्या नाकात नेमका दोष काय? श्वासाचं काय होईल? हीच पद्धत का? दोन्ही पद्धती तुम्ही करता का? पुन्हा शस्त्रक्रिया लागली तर काय? कारण समजावून सांगणारा सर्जन निवडा, मग चीर आत असो वा बाहेर.

लग्नाची तारीख पुढच्या महिन्यात असेल तर घाई करू नका. नाकावरची पट्टी साधारण आठवड्याने निघते, पण खरा आकार दिसायला वर्षसुद्धा लागतं. आपल्याकडे अनेकांची त्वचा जाड असते, त्यांना आणखी धीर धरावा लागतो. वाढीच्या वयातल्या मुलामुलींनी तर थांबावंच.

शेवटी माझ्या खात्यातलं. सिगारेट, तंबाखू, मिसरी काही आठवडे आधीच बंद करा, जखम भरायला त्यांचा अडथळा होतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सर्जनला सांगा, पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती कधी थांबवायची, हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.